चष्मा उतरवण्याआधी अश्रूंची परीक्षा

भिवंडीलगतच्या राहनाळ परिसरात गोदामांच्या रांगाच रांगा आहेत. मालमोटारींच्या वर्दळीने उडणारी धूळ, भिवंडीच्या यंत्रमागांचे सुती तंतू आणि कार्यालयात दिवसभर समोर असणारा संगणकाचा पडदा, हे सारे येथील अनेक तरुणांच्या डोळ्यांना रोज सोसावे लागते. अशा घरांत विवाहाची बोलणी सुरू झाली, की मुलीच्या चष्म्याचा विषय निघतो. ‘लेसरने नंबर घालवून टाका, काही मिनिटांचे तर काम आहे,’ असा सल्ला आप्तेष्ट देतात. काम काही मिनिटांचेच असते. त्याचा परिणाम मात्र डोळ्याला अनेक महिने सोसावा लागू शकतो.

बुबुळावरील पारदर्शक पारपटल हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी एक. लॅसिक शस्त्रक्रियेत त्याचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलला जातो, आतील भागाला लेसरने नवा आकार दिला जातो आणि पापुद्रा पूर्ववत बसवला जातो. डोळा कोरडा पडत असल्याची वर्दी देणारे अनेक संवेदनातंतू त्या वेळी तुटतात. वर्दी क्षीण झाली, की अश्रू कमी पाझरतात आणि पापण्याही कमी वेळा मिटतात. तंतू पुन्हा वाढतात, परंतु सावकाश.

हा त्रास विरळा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी कोरडेपणाची कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत व्यक्तींना शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी तो जाणवत होता. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात आराम पडतो. काहींचा त्रास मात्र रेंगाळतो. क्वचित एखाद्याला, तपासणीत अश्रू पुरेसे आढळूनही, दुखावलेल्या तंतूंमुळे तीव्र जळजळ होत राहते.

अशा वेळी घरातून ऐकू येते, ‘आता तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, मग तक्रार कसली?’ परंतु तक्त्यावर जळजळ मोजली जात नाही. अश्रूंचा थर विस्कळीत झाला, की दृष्टी घटकेत स्पष्ट, घटकेत धूसर होते. कधी कोरड्या डोळ्यातूनच पाणी वाहू लागते, कारण बोचणीमुळे अश्रू एकदम उसळतात. त्यावरून डोळा ओला आहे, असा समज करून घेऊ नये. त्रास सांगणाऱ्याला हळवे ठरवण्यापेक्षा पुन्हा नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

खरी दक्षता शस्त्रक्रियेपूर्वीची. वय १८ च्या पुढे असावे आणि चष्म्याचा नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती भिजते, हे पाहतात. ५ मिलिमीटरहून कमी ओल हे तीव्र कोरडेपणाचे लक्षण मानले जाते. संधिवातासारखे विकार, मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या यांची माहिती तज्ज्ञांपासून लपवू नये. छोट्या छेदातून होणाऱ्या स्माइल पद्धतीत कोरडेपणा तुलनेने कमी आढळतो, तरी तो मुळीच होत नाही असे नाही. आधीच कोरडेपणा असेल, तर प्रथम त्यावर उपचार करावेत. विवाहाच्या तोंडावर शस्त्रक्रिया करू नये. लग्नघरातील जागरणे, प्रसाधने आणि धूर नुकत्याच सावरू लागलेल्या डोळ्यांना मानवत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर डोळे चोळू नयेत. तज्ज्ञांनी सांगितलेले, परिरक्षक नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमित घालावेत. पडद्यासमोर आठवणीने पापण्या मिटाव्यात, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये आणि गोदामात संरक्षक चष्मा वापरावा. गुलाबपाणी किंवा तूप डोळ्यांत घालू नये. माशाच्या तेलाच्या गोळ्या सुचवल्या गेल्यास शाकाहारी कुटुंबांनी चिंता करू नये: कोरड्या डोळ्यांच्या ५३५ रुग्णांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा अधिक गुणकारी ठरल्या नाहीत. वेदना वाढल्या, डोळा लाल झाला किंवा दृष्टी मंदावली, तर त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठावे.

चष्म्यापासून मुक्ती हवी असणे गैर नाही. असंख्य लोक या शस्त्रक्रियेनंतर समाधानी आहेत. मात्र तो निर्णय ज्याचे डोळे त्याचा असावा. वडीलधाऱ्यांनी मुलीचा चष्मा हे वैगुण्य मानणे सोडले, तर तपासणीनंतर तज्ज्ञांनी दिलेला नकारही घरात शांतपणे स्वीकारला जाईल.