हंडा, नळ आणि विज्ञानकथा

विज्ञानकथा हे सुखवस्तू वाचकांच्या करमणुकीचे साधन आहे, चळवळीने दखल घ्यावी असे त्यात काही नाही, असा समज आपल्या वर्तुळात रूढ आहे. तो मला मान्य नाही. बेगम रोकेया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. स्त्रीमुक्तीचा इतका निर्भय विचार त्या काळात फार थोड्या लेखनात आढळतो.

त्या कथेतील स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत, एवढेच बहुधा लक्षात राहते. परंतु तेथील विदुषींनी शोध कशाचे लावले? एका विद्यापीठाने ढगांतील पाणी नळ्यांनी खाली उतरवले. दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवली आणि स्वयंपाकघरातला धूर नाहीसा झाला. पाणी आणि चूल! भारतीय स्त्रीच्या प्रश्नांत पाण्याचा नळ आणि शौचालय यांना अग्रस्थान देणाऱ्या डॉ. लोहियांच्या कितीतरी आधी एका लेखिकेने विज्ञानाला हे काम सांगितले होते.

सायवनला बसून ही कथा वाचताना ती स्वप्न वाटत नाही, जाब वाटते. डहाणू-तलासरीत पावसाला तोटा नाही. तरी चैत्र-वैशाखात डोंगराकडच्या पाड्यांवरील बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. याच जिल्ह्यातील, मुख्यतः सिंचनासाठी आखलेल्या सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांना दररोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी नेण्याची योजना मात्र झाली. शहरांना पाणी नको असे कोणी म्हणणार नाही. पण नळ कसा टाकावा हे विज्ञान सांगते, तो प्रथम कोणाच्या दारी जावा हे सत्ता ठरवते.

आणि घरात पाणी कोणी भरावे, हे पुरुष ठरवतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोल घरकाम करणारी स्त्री दिवसाला त्यासाठी सरासरी २९९ मिनिटे देते, असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. स्त्रीचे हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरलेच जात नाहीत.

मराठी विज्ञानकथेने हा हिशेब मांडला आहे काय? १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा लाभली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी तो समृद्ध केला. शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांच्यासारख्या लेखिकाही पुढे आल्या. या सर्वांविषयी आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, आपल्या विज्ञानकथेचे लक्ष अंतराळाकडे जितके गेले, तितके चुलीकडे आणि पाणवठ्याकडे गेले नाही. यानाचे सुकाणू एका तरुणीच्या हाती दिले म्हणजे कथा स्त्रीवादी होत नाही. यंत्र कोणाचे श्रम हलके करते आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हे विचारणारी कथाच त्या नावाला पात्र ठरते.

रोकेयांची कथाही निर्दोष नाही. तेथे राज्य राणीचेच आहे आणि कोंडवाडा मोडलेला नाही, फक्त त्यातले कैदी बदलले आहेत. तो उपरोध आहे हे मान्य. समतेची कथा त्याच्या पुढची असली पाहिजे.

ती कोण लिहील? मला वाटते, या भागातल्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुली. त्यांना विज्ञानाचे पुस्तकही ठाऊक आहे आणि हंड्याचे ओझेही. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने येथील वारली स्त्री-पुरुषांनी वेठ नाकारली. वेठीवाचूनचे जग हीदेखील तोवर एक कल्पितकथाच होती. ती याच मातीतल्या माणसांनी खरी करून दाखवली.