गियर अडकला? आधी मागचा दिवा बघा

आज आंब्यावर नाय, गाडीवर लिहितोय.

चतुर्थीला मुंबयसून आलेल्या पुतण्याची ऑटोमॅटिक गाडी आमच्या उतारावर अडकली. वहिनीला देवगडला डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि दांडा 'पी'वरून सुटेना. "काकानू, गियर हलना नाय!" म्हणत तो दोन्ही हातांनी ओढत होता. गॅरेजवाला फोनवरच म्हणाला, टो करून आणा, अख्खा दांडा बदलावा लागेल.

मी म्हटलं, ओढू नको. ब्रेक दाब, मी मागे बघतो. मागचे ब्रेकचे दिवे पेटलेच नाहीत. रोग तिथेच कळला.

'पी'ला एक कुलूप असतं. ब्रेक दाबला की पेडलवरचा स्विच मागचा दिवा लावतो आणि हे कुलूपही सोडतो. खेळता खेळता पोराने दांडा ओढला तर गाडी सुटू नये म्हणून ही सोय. स्विच किंवा फ्यूज गेला की दिवाही नाही, गियरही नाही. फ्यूज जळलेला निघाला. तेवढ्याच अँपिअरचा नवा घातला, दांडा सुटला. पुढे इलेक्ट्रिशियनने दिव्याच्या होल्डरचा हिरवा गंज काढला. खारी हवा, दुसरं काय! पंपाच्या स्टार्टरचं आपण हेच भोगतो.

दिवे पेटतात आणि तरी अडकतो? मग उतार बघा. हँडब्रेक न लावता 'पी' टाकला की गाडीचा सगळा भार गियरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतो. म्हणून पायाने ब्रेक धरून 'एन' टाका, हँडब्रेक ओढा, पाय सैल करून गाडी टेकू द्या, परत ब्रेक दाबून मग 'पी'. दांड्याजवळ कोकम सरबत सांडलं असेल तर साखरही चिकटते.

बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ छोटं झाकण असतं, त्याखाली कुलूप हाताने सोडायची सोय. चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, पुस्तकात दिल्याप्रमाणेच वापरा. ब्रेकचे दिवे बंद असतील तर तसेच फिरू नका, मागचा येऊन आपटेल.

केबल तुटली असेल तर गॅरेजच, त्यात वाद नाही. पण माझं म्हणणं एवढंच, कारण कळल्याशिवाय पार्ट बदलू नका. ग्रासकटर घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो, आणि दहा लाखांच्या गाडीचं पुस्तक कप्प्यात प्लास्टिकमध्येच पडलेलं असतं. आज संध्याकाळी पाच मिनिटं काढा, ते फोडा.