काटकसर कोणाच्या ताटातून?

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले, 'उत्पन्न वजा उपभोग म्हणजे बचत.' केन्सने १९३६ साली आपल्या ग्रंथात हीच व्याख्या धरली आहे, असेही त्यांनी सांगितले. मी ती वहीत उतरवून घेतली. पण संध्याकाळी चिरनेरला परतताना राहून राहून वाटत होते की, आमच्या घरात हे गणित उलटे चालते. आमच्याकडे बचत आधी ठरते आणि मग कोणीतरी कमी जेवते.

आम्ही घरात सात माणसे. त्यात भावाची दोन मुले, एक चार वर्षांची आणि दुसरा नुकताच चालू लागलेला. भाऊ कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे कामाला. हजेरी भरेल तितका पगार. लहान मुलांच्या घरात खर्च सांगून येत नाही. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, अंगणवाडीचा खाऊही मिळतो. पण ताप काही अंगणवाडीची वेळ पाहून चढत नाही. रात्री रिक्षा करून पनवेलच्या डॉक्टरांकडे जायचे म्हणजे भावाची आठवड्याची हजेरी गेली!

तरीही वहिनी दर महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढते. कसे काढते, हे मी या सुट्टीत प्रथमच डोळे उघडून पाहिले. गॅसचा सिलिंडर दीड महिना पुरावा म्हणून ती आंघोळीचे पाणी चुलीवर तापवते आणि त्यासाठी रानातून मोळी आणते. आमच्या अक्कादेवीच्या रानात २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्या दिवसावर मी शाळेत तीन वेळा भाषण केले आहे, एकदा बक्षीसही मिळाले. पण तो लढा चुलीचाही होता, हे मला वहिनीच्या डोक्यावरची मोळी पाहून उमगले.

मोळीचे एक वेळ सोडा, ताटाचे पाहा. वाकटीचे कालवण केले की तुकडे मुलांना, बाबांना, भावाला आणि मला. वहिनी नुसत्या रशाबरोबर भाकरी खाते. आमच्या लहानपणी आईचेही तेच. "मना नाय भूक, तुमी जेवा," असे ती म्हणे आणि आम्ही खरेच जेवत असू. आज मी एकोणीस वर्षांचा आहे. तिला खरोखर भूक नसायची का, हा प्रश्न मला इतकी वर्षे पडला नाही, याची लाज वाटते.

त्या पाचशे रुपयांची भिशी असते. दहा जणी, चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे पाच हजार. व्याज नाही, कागद नाही, जामीनही नाही. गेल्या वर्षी वहिनीची चिठ्ठी निघाली आणि त्यातून माझी प्रवेश फी भरली गेली. तेव्हा 'बायकांच्या भिशीत काय अर्थ आहे' असे म्हणणाऱ्या विद्वानांत मी बसू शकत नाही.

'काटकसर हा गृहिणीचा अलंकार' असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सगळाच रक्तक्षय काटकसरीचा नसेल. पण हा अलंकार बराच महाग पडत असावा. काटकसर करायची तर ती सगळ्यांच्या ताटातून व्हावी. भावाची गुटख्याची पुडी आणि माझा मोबाईलचा रिचार्जही त्या हिशेबात यायला हवा.

हे आताच लिहिण्याचे कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या जागी नवे शहर वसवण्याचे काम एमएमआरडीएकडे देण्यात आले. कर्नाळा-साई-चिरनेर हे त्याचे नाव. उद्या जमिनीचे पैसे येतील. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथे पैसा गाडीत, हळदीच्या जेवणावळीत नि डीजेत कसा जिरला, हे सांगणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. घरात पैसा राखायची सवय आहे वहिनीला, आणि सातबारावर नावे आहेत बाबांची नि काकांची! २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे दीड हजार सुरू झाले तेव्हा वहिनीचे स्वतःचे पहिले खाते निघाले. पहिल्या हप्त्यातून तिने काय करावे? पोस्टात जाऊन मुलीचे सुकन्या समृद्धीचे खाते उघडले. वर्षाला अडीचशे रुपये भरले तरी ते चालू राहते. साडी घेतली असती तरी कोणी बोलले नसते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. आपल्या भागात जमीन राहील न राहील. निदान मोबदल्याचा अर्धा भाग तरी घरातल्या बाईच्या खात्यात जावा, असे माझे मत आहे.

हे मी घरी बोलून पाहिले. बाबा म्हणाले, "पैसे तर येऊ देत." भाऊ हसला. वहिनीने मान वर न करता विचारले, "भाऊजी, रविवारी भिशी आहे. दीडशे कमी पडतात, आहेत का तुमच्याकडे?"

होते, बसच्या पासाचे.