पाठ केलेले टिकते कसे?

“अम्मी, रात्री सगळं येत होतं, पेपरात काहीच आठवलं नाही!” सहामाहीचे निकाल लागले की ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि आपण मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो. मोबाइलचा दोष आहेच. पण तोच धडा पाच वेळा नुसता वाचण्याची सवयही कमी नडत नाही, असे आम्हांला वाटते.

हिफ्ज करणाऱ्या मुलांकडे पाहा. त्यांना केवळ नवा सबक देऊन सोडत नाहीत. अलीकडचा सबक-पारा आणि जुना आमुख्ताही उस्तादांना ऐकवावा लागतो, तोही कुरआन मिटून. अडखळले की तिथेच दुरुस्ती. हदीस शरीफमध्ये हाफिजाला बांधलेल्या उंटाच्या मालकाची उपमा दिली आहे. लक्ष ठेवले तर उंट राहतो, नाहीतर निघून जातो. तरावीह पढवणारे मुरलेले हाफिजही रमजानात दिवसा दौर करतात. मग दहावीच्या मुलाने ऑगस्टमध्ये एकदाच पाठ केलेले मार्चपर्यंत कसे टिकावे?

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवले, वाचणाऱ्यांना 42. “रात्री येत होतं” याचे उत्तर इथे आहे.

समजा, धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा आहे. आधी तो समजून घ्यावा. न समजलेल्याचे पाठांतर फार दिवस टिकत नाही. मग पुस्तक मिटून नियम लिहावेत, आकृती काढावी, नंतरच पुस्तक उघडून चूक शोधावी. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ऐकणाऱ्याला विज्ञान यायलाच हवे असे नाही. मराठी वाचता येणारी दादीही पुस्तक समोर धरून ऐकू शकते. (दाद्यांना हे काम आवडते, हा आमचा अनुभव!)

जागरण मात्र बंद करा. शिकलेले झोपेतच पक्के होते. इशानंतर वेळेवर झोपलेले मूल फजरला ताज्या डोक्याने उठते.

आणि ऐकवताना मूल चुकले तर रागावू नका. काय विसरले ते परीक्षेआधी कळावे, यासाठीच तर ऐकायचे.