डबा बदलण्याआधी

“साहेब, गाडीचा कॉम्प्युटर गेला. नवा टाकावा लागेल.” जुन्या गाडीच्या मालकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेले असते. माझे मत स्पष्ट आहे. हे वाक्य बोलणाऱ्याने बहुतेक वेळा डबा उघडलेला नसतो आणि मल्टिमीटरही लावलेला नसतो. त्याने फक्त स्कॅनर जोडलेला असतो. स्कॅनर डब्याशी बोलला नाही की निकाल ठरलेलाच: डबा मेला.

जयपूरला बदली होऊन आल्यापासून या विषयात माझे लक्ष जास्तच गुंतले. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी म्हणजे डोकेदुखी. राजस्थानातले अलवर आणि भरतपूर एनसीआरमध्ये मोडतात, जयपूर मोडत नाही. त्यामुळे इथे पंधरा वर्षे झालेली गाडी तपासणी करून, फी भरून आणखी पाच वर्षांसाठी नोंदवता येते. छावणीतल्या क्वार्टर्ससमोर अजून जुन्या मारुती, सँट्रो आणि जिप्सी दिसतात त्या यामुळेच.

१९८३ साली आलेल्या पहिल्या मारुती ८०० ला कार्ब्युरेटर होता. स्क्रू-ड्रायव्हर आणि कान एवढ्यावर तिचे भागत असे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात युरो-१ आणि पुढच्याच वर्षी युरो-२ निकष लागू करायला लावले. त्यानंतर पाहता पाहता कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले आणि त्याच्याबरोबर ईसीयू नावाचा ॲल्युमिनियमचा डबा आला. त्या पहिल्या पिढीतले डबे आता पंचवीस वर्षांचे झाले आहेत. माणसाचे गुडघे जसे ठरावीक जागी दुखतात, तसे हे डबेही ठरावीक जागीच दुखतात.

सर्वात आधी जातो इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. त्याच्या पोटात द्रव असतो. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जुना आडाखा आहे. जयपूरचा मे महिना आठवा: बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. द्रव सुकतो किंवा गळतो, आणि गळला की खालचे तांब्याचे ट्रॅक खातो. दुसरी जागा म्हणजे सोल्डरचे जोड. दिवसा तापणे, रात्री आकसणे, जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश. हे वर्षानुवर्षे झाले की जोडाभोवती केसासारखी गोल चीर पडते. गाडी सकाळी सुरू होते, तापली की बंद पडते, दुपारी पुन्हा शहाण्यासारखी चालते. तिसरी जागा इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर. तो बहुधा आपण होऊन मरत नाही, त्याला मारले जाते. कॉइल आतून शॉर्ट झालेली असते, नाहीतर कुणी बॅटरीच्या वायरी उलट लावलेल्या असतात, नाहीतर बॅटरी न सोडवता सायलेन्सरला वेल्डिंग केलेले असते. मूळ कारण न शोधता नवा डबा बसवला तर तोही आठवड्याभरात जातो आणि मालकाला दुसरे बिल येते.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. आधी बॅटरी. मग डब्याच्या कनेक्टरवर खरोखर बारा व्होल्ट पोहोचतात का, रिले आणि फ्यूज ठीक आहेत का. मग अर्थ. मग सेन्सरना जाणारी पाच व्होल्टची लाइन. एखादा सेन्सर शॉर्ट झाला की ती अख्खी लाइन खाली बसते आणि डबा मेल्यासारखा वागतो. सेन्सरचे प्लग एकेक करून काढत जा, लाइन वर आली की चोर सापडला. एवढे सगळे झाल्यावरच डब्याकडे बोट दाखवायचे.

इथल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या अठरा वर्षांच्या हॅचबॅकला एका सर्व्हिस सेंटरने नवा ईसीयू सांगितला होता. किंमत गाडीच्या बाजारभावाच्या जवळपास निम्मी. साहेब गाडी भंगारात द्यायला निघाले होते. ट्रान्सपोर्टनगरमधल्या एका पोराने बॅटरीचा निगेटिव्ह आणि डब्याचा अर्थ यांच्यामध्ये मीटर लावला आणि स्टार्टर मारायला सांगितला. तिथे व्होल्टचा दशांश दिसायला हवा, दिसला एक व्होल्टच्या वर. “डिब्बा ठीक है साहब, अर्थ खराब है।” इंजिनवरून बॉडीला येणारी अर्थची पट्टी गंजली होती. पॉलिश पेपर, नवा बोल्ट, थोडे ग्रीस. काम वीस मिनिटांचे.

या पोराला कुणी शिकवले? कुणी नाही. ईसीयूचा सर्किट डायग्राम बाहेरच्या मेकॅनिकला मिळत नाही. भंगारातून तसाच बोर्ड आणायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि पिनमागून पिन मोजत नकाशा आपणच तयार करायचा. सुटे भाग, माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, पोर्टल काढले, त्यात मोटारीही घेतल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मात्र २०१२ मध्ये लोकांनी थेट मतदान करून हा कायदा आणला. आपल्याकडे पोर्टलच्या पुढे जाऊन कायदा व्हायला हवा, आणि त्यात निदान उत्पादन थांबलेल्या गाड्यांचे डायग्राम खुले करण्याची सक्ती हवी. जी गाडी कंपनी विकतच नाही, तिच्यात कसले गुपित राखायचे?

जयपूरच्याच जंतरमंतरचे पाहा. सवाई जयसिंहांची ती दगडी यंत्रे एकोणिसाव्या शतकाअखेर मोडकळीला आली होती. १९०१ च्या सुमारास त्यांची दुरुस्ती झाली ती गॅरेट नावाच्या रॉयल इंजिनिअर्सच्या एका लेफ्टनंटच्या हातून, पंडित चंद्रधर शर्मा गुलेरींच्या मदतीने. (हेच गुलेरी पुढे ‘उसने कहा था’ ही फौजी कथा लिहिणारे. फौजेशी त्यांचा असाही संबंध होता म्हणायचा.) इंजिनिअरला चुना आणि दगड कळत होता, पंडितांना ज्योतिष आणि संस्कृत. खुणा कशासाठी आहेत हे कळल्याशिवाय नुसते प्लास्टर करून यंत्र चालले नसते.

एक कबूल केले पाहिजे. एअरबॅग आणि एबीएसचे मॉड्यूल मी रस्त्याकडेच्या टेबलावर उघडू देणार नाही. तिथे चुकले तर गाडी बंद पडत नाही, माणूस जातो. इमोबिलायझरचा कोड कॉपी करणाऱ्याकडेही गाडीची कागदपत्रे आणि मालकाचे ओळखपत्र तपासून त्याची नोंद ठेवण्याची शिस्त हवी, नाहीतर चोराचेच फावेल. पण म्हणून दुरुस्तीच नको, हा युक्तिवाद मला पटत नाही. शिस्त लावता येते, आणि ती लावलेली माणसे आपल्याकडे आहेत.

आपल्या ईएमईचा स्थापना दिवस १५ ऑक्टोबर १९४३ चा. तेव्हापासून या कोअरचे काम एकाच प्रश्नाभोवती फिरते: हे इथे दुरुस्त होईल, फील्ड वर्कशॉपला पाठवायचे, की खडकीसारख्या बेस वर्कशॉपला? ‘बदलून टाका’ हे उत्तर शेवटी येते, कारण सियाचीनमध्ये वा वाळवंटात नवा डबा मागवला की लगेच येत नाही. रेडिओ सेट आणि रडारचे बोर्ड भिंगाखाली दुरुस्त करणारा हवालदार चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि गावी येऊन एटीएमबाहेर सिक्युरिटीचा गणवेश घालून बसतो. हे मला जुन्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त खुपते. पुनर्वसनाच्या अभ्यासक्रमांत मोटार इलेक्ट्रॉनिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स घालायला काय हरकत आहे? सोल्डरिंग स्टेशन, मीटर आणि जुना ऑसिलोस्कोप एवढ्यावर दुकान सुरू होते. मांडवली करायला लागत नाही, हात चालावा लागतो.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे कुणी ईएमई किंवा सिग्नल्सचे निवृत्त बांधव असे काम करत असतील तर मला जरूर कळवा. माझ्या ओळखीचे तिकडचे तीन गाडीमालक सध्या नव्या डब्याचे कोटेशन हातात धरून बसले आहेत. बॅटरी सोडवून ठेवा आणि सही करू नका, एवढेच त्यांना सांगितले आहे.