निकाल दिलात, मुदत का नाही दिलीत?

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायमूर्ती महोदयांस,


17 जुलै 2019. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्याचा आपला निकाल आमच्याकडे संध्याकाळी आला. लोअर परळला त्यांच्या बालपणीच्या मित्रांनी जल्लोष केला. पंधरा विरुद्ध एक! पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचं, वकिलातीच्या संपर्काचा हक्क देणारं छत्तिसावं कलम मोडलं, हे आपण आडपडदा न ठेवता सांगितलंत. त्या संध्याकाळी आम्ही आपल्यावर भरवसा टाकला. त्याला तडा गेला, म्हणून हे पत्र.

आपले उपकार मी विसरलेले नाही. एप्रिल 2017 मध्ये पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने जाधवांना दिलेली फाशी जाहीर झाली आणि 18 मे रोजी आपण ती रोखून धरलीत. जाधव जिवंत आहेत यात त्या आदेशाचा वाटा मोठा आहे.

पण निकालात आपण काय लिहिलंत? शिक्षेचं परिणामकारक पुनर्विलोकन आणि फेरविचार व्हावा, आणि तो कोणत्या मार्गाने करायचा ते पाकिस्तानने ठरवावं. अटक केल्यावर तीन आठवडे भारताला कळवलंही नाही, बंद दाराआड खटला चालवला, भारतीय वकिलातीच्या माणसाला एकदाही भेटू दिलं नाही, त्यांच्याच हाती मार्गाची निवड! मुदत नाही. देखरेख नाही. काय केलंत ते येऊन सांगा, एवढंसुद्धा नाही.

ती माणसं कशी वागतात हे तोवर जगाने पाहिलं होतं. खटला आपल्यासमोर चालू असताना, 25 डिसेंबर 2017 ला, जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या. भेटीआधी दोघींचे कपडे बदलायला लावले. टिकली, बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावलं. मध्ये काच, बोलणं इंटरकॉमवरून. आई मुलाशी मराठीत बोलू लागली तर तिला पुन्हा पुन्हा अडवलं आणि शेवटी थांबवलंच. पत्नीच्या चपला परत दिल्या नाहीत. सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं, की आईचा मोकळा गळा आणि कोरं कपाळ पाहून मुलाने पहिलं काही विचारलं असेल तर ते हे, बाबा कसे आहेत? हे वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं. आजही कालवतं. आईला मुलाशी घरच्या भाषेत दोन शब्द बोलू न देणाऱ्यांच्या सद्भावनेवर आपण सगळा फेरविचार सोपवलात.

शिक्षा रद्द करा, माणूस सोडून द्या, ही भारताची मागणी आपण फेटाळलीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपला अधिकार त्या करारापुरता, आणि आपण अपिलाचं कोर्ट नव्हे. इतकी वर्षं वकिली केल्यावर अधिकारक्षेत्र कळतं. माझं दुखणं निराळं आहे. ‘पुनर्विलोकन आणि फेरविचार’ हे शब्द पुढे कुठे जातात, ते आपल्याला ठाऊक होतं.

हेच शब्द आपण 2001 मध्ये जर्मनीला दिलेत, लाग्रांड खटल्यात. तोवर लाग्रांड आडनावाच्या दोन्ही भावांना अमेरिकेत मृत्युदंड दिला गेला होता, त्यातल्या एकाला तर आपला स्थगिती आदेश धाब्यावर बसवून. 2004 मध्ये हेच शब्द मेक्सिकोला दिलेत, अवेना खटल्यात, एक्कावन्न नागरिकांच्या बाबतीत. ओक्लाहोमाच्या गव्हर्नरने एकाची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यामुळे मनात असेल तर होतं, हेही दिसलं. टेक्सासने मात्र मानलं नाही. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सांगूनही मानलं नाही. मार्च 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की काँग्रेसने कायदा केल्याशिवाय हेगचा निकाल इथल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. मेक्सिको पुन्हा आपल्या दारात आला, आपण जुलैमध्ये पुन्हा आदेश काढलात, आणि 5 ऑगस्टला हंट्सव्हिलच्या तुरुंगात त्या एक्कावन्नांतल्या एकाला मारण्यात आलं. आदेशाचा भंग झाला, अशी नोंद आपण जानेवारी 2009 मध्ये केलीत. नोंद!

एवढं सगळं आपल्याच दप्तरात असताना 2019 मध्ये जाधवांच्या वाट्याला तेच शब्द आले.

पुढे व्हायचं तेच झालं. मे 2020 मध्ये पाकिस्तानात फेरविचाराचा अध्यादेश निघाला, नोव्हेंबर 2021 मध्ये कायदा झाला. कागद तयार. भारतीय वकील मात्र चालणार नाही, असं पाकिस्तानने सांगितलं. जाधवांनी स्वतःच फेरविचाराचा अर्ज करायला नकार दिला, असंही जाहीर केलं. लष्कराच्या ताब्यातला माणूस, आमच्या अधिकाऱ्यांना त्याच्याशी मोकळेपणी बोलता येत नाही, आणि त्याची इच्छा काय ते त्याला डांबणारे जगाला सांगतात. एखाद्या तालुक्याच्या कोर्टातही असलं निवेदन न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय मानलं नसतं.

युरोपात निराळं आहे. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाचा निकाल लागला की मंत्र्यांची समिती त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा करते. गरज पडल्यास बंद झालेला खटला पुन्हा उघडता येईल अशी सोय देशोदेशीच्या कायद्यात असावी, अशी शिफारस त्या समितीने जानेवारी 2000 मध्येच केली. तिथेही टाळाटाळ होते. पण टाळणाऱ्याला निदान विचारणारं कुणीतरी असतं.

आणि आपण? डिसेंबर 2020 मध्ये आपण आपल्या अंतर्गत कार्यपद्धतीत बदल केलात. अंतरिम आदेश पाळले जातात की नाही हे पाहायला तीन न्यायमूर्तींची समिती नेमण्याची तरतूद केलीत. वाचून बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. अंतरिम आदेशावर लक्ष ठेवता येतं, मग अंतिम निकालावर का नाही? अंतिम निकालाचं पाहायला सुरक्षा परिषद आहे, असं संयुक्त राष्ट्रांची सनद सांगते. तिथल्या नकाराधिकाराने काय होतं, ते अमेरिकेविरुद्ध आपल्याकडे जिंकलेल्या निकाराग्वाला विचारा.

जाधव आता पन्नाशी ओलांडून गेले. त्यांचा खटला पुन्हा उभा राहिलेला नाही. माझं मागणं आपल्या अखत्यारीबाहेरचं नाही. पुढल्या वेळी फेरविचाराचा हुकूम कराल तेव्हा त्यात महिने लिहा, मुदत संपली की त्या देशाला अहवाल घेऊन बोलवा, आणि त्या तीन न्यायमूर्तींकडे अंतिम निकालही सोपवा. जाधवांच्या निकालापासून सुरुवात करा.

कळावे,
सातारा जिल्ह्यातली एक वकील