'केलं होतं' म्हणजे 'हॅड' नव्हे

मराठी माणसाच्या इंग्रजीवर हसायचा धंदा सध्या जोरात चालू आहे. कुठलीही रील उघडा, कुणीतरी 'आय हॅव डन इट यस्टरडे' म्हणणाऱ्याची नक्कल करत असतं आणि खाली हसऱ्या इमोज्यांची रांग लागलेली असते. पुढच्या रीलमध्ये तोच नकलाकार स्पोकन इंग्लिशचा कोर्स विकतो. त्याच्या विरुद्ध टोकाला 'भावना पोचल्या ना, मग बास' असं म्हणणारे आहेत. मला या दोघांशीही भांडायचंय. पहिल्यांना ही चूक म्हणजे अक्कल कमी असल्याचा पुरावा वाटतो. दुसऱ्यांना ती चूकच वाटत नाही. ती येते कुठून, हे दोघंही विचारत नाहीत.

संपलेल्या कामाबद्दल इंग्रजीत बोलताना आपण चुकतो, त्याचं मोठं कारण आपल्याला मराठी पक्कं येतं, हे आहे. मराठीतली पक्की सवय इंग्रजीत नेमकी कुठे तुटते, ते आपल्याला कुणी दाखवलेलं नसतं.

'मी काल मेल पाठवला होता.' या वाक्यात काही कमी आहे का? काहीच नाही. काल पाठवला, विषय संपला. आता हेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत न्या: 'आय हॅड सेंट द मेल यस्टरडे.' ऐकणारा नागपूरचा किंवा इंदूरचा असेल तर काही अडत नाही, कारण त्याच्या डोक्यातही हेच वाक्य असतं. पण लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाला 'हॅड' ऐकलं की आणखी एका घटनेची चाहूल लागते. इंग्रजीत 'हॅड' वापरतात ते भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी घडलेली गोष्ट सांगायला. 'त्याचा फोन आला, त्याआधीच मी मेल पाठवला होता', इथे 'हॅड' बरोबर बसतो. मराठीतला 'होता' तेही काम करतो आणि एकटाही उभा राहतो. इंग्रजीतल्या 'हॅड'ला शेजारी दुसरी घटना लागते, मग ती त्याच वाक्यात असो किंवा आधीच्या बोलण्यात.

यानं काय बिघडतं? समजा, रात्री दोन वाजता सर्व्हर पडलाय. पुण्यातला इंजिनिअर शिफ्ट संपवताना नोंद लिहितो, 'आय हॅड रिस्टार्टेड द सर्व्हर.' समुद्रापलीकडचा वाचतो आणि त्याला प्रश्न पडतो, केला होता म्हणजे आता पुन्हा पडलाय का? 'आय रिस्टार्टेड द सर्व्हर ॲट टू' असं लिहिलं असतं तर घटना आणि वेळ कळली असती. 'आय हॅव रिस्टार्टेड द सर्व्हर' लिहिलं असतं तर, केलंय आणि आत्ताची परिस्थिती त्यानंतरची आहे, हे कळलं असतं. तीन वाक्यांत फरक एका शब्दाचा आहे, पण त्यावरून पलीकडच्या माणसाची झोप ठरते.

आता शाळेकडे या. मराठीच्या तासाला आपण 'पूर्ण भूतकाळ' शिकतो: मी आंबा खाल्ला होता. इंग्रजीच्या तासाला 'पास्ट परफेक्ट टेन्स' शिकतो: 'आय हॅड ईटन अ मँगो.' दोन्ही नावांचा अर्थ एकच, म्हणून कामही एकच असणार असं कुठलंही शहाणं मूल धरून चालतं. 'पूर्ण वर्तमानकाळ' आणि 'प्रेझेंट परफेक्ट' यांचंही तसंच. मराठीत 'मी कालच पाठवलंय' हे अगदी सरळ वाक्य आहे. इंग्रजीत मात्र 'हॅव सेंट' म्हटलं की 'यस्टरडे'ला जागा उरत नाही, कारण तिथे 'हॅव' हे सगळं आजच्या खात्यात जमा करतं. काल म्हणायचं असेल तर साधं 'सेंट' म्हणा. हा नियम सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं आपल्याला मिळाली नाहीत. आपल्याला मिळाला बारा टेन्सचा तक्ता, 'हॅव किंवा हॅज अधिक क्रियापदाचं तिसरं रूप' हे सूत्र आणि 'चेंज द टेन्स'चे मार्क.

आणखी एक चूक बघा, 'आय हॅव डन.' यावर हमखास हसतात. 'इट' कुठे गेलं? ते मराठीत क्रियापदाच्या शेपटीत असतं. 'फाइल पाठवलीस?' 'पाठवली.' 'मेल पाठवलास?' 'पाठवला.' 'उत्तर दिलंस?' 'दिलं.' कर्माचा उच्चारही न करता 'ली', 'ला', 'लं' यावरून ते ओळखू येतं. हाच तो कर्मणी प्रयोग, जो आपण दोन मार्कांसाठी पाठ केला आणि विसरलो. इंग्रजीच्या 'डन'ला किंवा 'सेंट'ला अशी शेपटी नाही, म्हणून तिथे 'इट' वेगळं सांगावं लागतं. हे एकदा कळलं की 'आय हॅव डन इट' पाठ करावं लागत नाही.

उलट, जिथे मराठी आपल्या मदतीला येऊ शकते, तिथेही आपण तिला बोलावत नाही. 'ही हॅज गॉन टू दिल्ली' आणि 'ही हॅज बीन टू दिल्ली' यातला फरक सांगताना क्लासवाले घाम गाळतात. मराठीत तो फरक तयार आहे: 'तो दिल्लीला गेलाय' आणि 'तो दिल्लीला जाऊन आलाय'. 'माझं झालं' म्हणजे कधी काम संपलं आणि कधी 'मला आता पुरे', हे आपण सुरावरून ओळखतो. इंग्रजीत 'आय ॲम डन विथ द रिपोर्ट' म्हणजे रिपोर्ट संपला, पण 'आय ॲम डन विथ धिस टीम' म्हणजे या टीमला माझा रामराम. केलं, केलंय, करून झालं, करून टाकलं, करून ठेवलं हे सगळे बारकावे ज्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेत, त्याला इंग्रजीतले दोन-तीन समजणार नाहीत असं मानणं हाच अडाणीपणा आहे.

आता हसणाऱ्यांकडे वळतो. एका कंपनीत मी मुलाखतीच्या पॅनेलवर होतो. तालुक्याच्या गावातून आलेला मुलगा म्हणाला, 'आय हॅड डिझाइन्ड धिस मॉड्यूल.' शेजारच्या सहकाऱ्यानं फॉर्मवर 'कम्युनिकेशन वीक' असा शेरा मारला. मी हरकत घेतली, पण फाइल तिथेच थांबली. दुपारी जेवताना तोच सहकारी घोटीव कॉन्व्हेंटी उच्चारात म्हणाला, 'आय हॅड टोल्ड देम यस्टरडे ओन्ली.' कुणाची भुवई हलली नाही. 'हॅड' दोघांचाही तोच, शिक्षा मात्र एकालाच झाली. म्हणजे परीक्षा व्याकरणाची नव्हतीच, ती शाळेच्या फीची होती.

आणि शुद्धतेचा एवढा सोस असेल तर हेही ऐका. 'आय ऑलरेडी एट' आणि 'डिड यू ईट यट?' असं अमेरिकेत लोक सर्रास बोलतात, जिथे ब्रिटनमधले बहुतेक जण 'हॅव' वापरतील. अमेरिकन बोलला की ती बोलीभाषा आणि बार्शीचा बोलला की ती चूक, हा न्याय कुठला?

एवढं ऐकून 'भावना पोचल्या ना' म्हणणारे टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावं. आपापसात 'लंच डन?' 'डन!' खुशाल चालू द्या, त्याला माझी काही हरकत नाही. पण ज्याला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, त्याच्यासाठी लिहिताना आपली खूण त्याला कळेल असं गृहीत धरणं हा आळस आहे. 'चालतंय की' म्हणणाऱ्यांत इंग्रजी माध्यमातून शिकून पुढे गेलेले बरेच भेटतात. त्यांचं चालतं. त्या तालुक्याच्या मुलाचं चाललं नाही. त्याला 'तू आहेस तसाच छान आहेस' म्हणणं ही माया नाही. त्याला न शिकवता सोडून देण्याचा तो सोज्वळ मार्ग आहे.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे माझ्या पिढीला चार वर्षं जास्त मिळाली. पण वर्षं वाढवताना दोन भाषा शेजारी ठेवून बघायची रीत आपण अडगळीत टाकली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आपल्या आजोबांच्या पिढीनं गिरवली. ती कंटाळवाणी असेल, पण ती एक मराठी वाक्य आणि एक इंग्रजी वाक्य समोरासमोर उभं करायची. आज इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं म्हणजे कमीपणा, आणि मराठीच्या तासाला इंग्रजीचं नाव काढणं म्हणजे पाप. ज्या भिंतीत दार पाडायला हवं होतं, तिला आपण प्लॅस्टर करत बसलो.

म्हणून मागणी साधी आहे. शिक्षकांनो, 'पूर्ण भूतकाळ' शिकवाल त्या दिवशी फळ्यावर शेजारी 'हॅड' लिहा आणि दोघांचं कुठे जमत नाही ते सांगा. मुलाखती घेणाऱ्यांनो, 'कम्युनिकेशन वीक' लिहिण्याआधी त्या मुलाला एकदा विचारा, 'म्हणजे ते आता आहे की नाही?' तो नीट उत्तर देईल. आणि मित्रांनो, हसणाऱ्यांना घाबरून गप्प बसू नका, पण त्यांच्यावरच्या रागापायी शिकणंही सोडू नका. इंग्रजीत काम संपल्याचं सांगताना मनाला एवढंच विचारा: मला ते कधी झालं हे सांगायचंय, की आता काय परिस्थिती आहे हे? कधी झालं असेल तर साधा भूतकाळ. आताचं असेल तर 'हॅव'. आणि 'हॅड' हवाच असेल, तर त्याच्यानंतर काय घडलं तेही सांगा.